रिकाम्या प्लॉटमधला वाघ

जुलै ते सप्टेंबर हे महिने नागपूरच्या वन्यजीव छायाचित्रकारांना बेकारीचे वाटतात. ताडोबा आणि पेंचच्या गाभा क्षेत्रातील सफारी पावसाळ्यात बंद असते, मोठ्या लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात जातात, आणि उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या वर पारा असताना पाणवठ्यावर सहा-सहा तास बसणारी माणसे पावसाळ्यात ‘सध्या काही नाही’ असे सांगून मोकळी होतात. मीही अनेक वर्षे तसेच सांगत होतो. दहा-बारा वर्षांत वाघाची छायाचित्रे माझ्याकडे पुष्कळ जमली, पण त्यांतील बहुतेकांत वाघ रस्त्याने पुढे चाललेला आणि पाठमोरा आहे, आणि अगदी तशीच छायाचित्रे त्याच दिवशी त्याच रस्त्यावरच्या पंधरा जिप्सींमधील प्रत्येकाकडे आहेत, ही गोष्ट मनाला फार दिवस बोचत होती. गेल्या पावसाळ्यात घरापासून पायी दहा मिनिटांवरच्या एका रिकाम्या प्लॉटमध्ये मी जे अडीच-तीन महिने घालवले, त्यांचा हा वृत्तान्त आहे.

काटोल रोडच्या बाजूला, गोरेवाड्याच्या अंगाने शहर वाढत गेले, तसे शेतांचे लेआउट पडले आणि लेआउटचे प्लॉट झाले. परंतु प्लॉट विकत घेणारे सगळेच काही घर बांधत नाहीत. त्यामुळे दोन बंगल्यांच्या मध्ये तारेचे कुंपण घातलेला, काळ्या मातीचा, रुई, घाणेरी, टाकळा आणि एरंड माजलेला एखादा तुकडा नागपुरात कुठेही सापडतो. मी सांगतो तो प्लॉट असाच होता. कोपऱ्यात छातीइतक्या उंचीची रुईची तीन झुडपे होती, मागच्या कुंपणाला घाणेरीने वेढले होते आणि मधल्या मोकळ्या जागेत पहिल्या पावसानंतर घोळ, केना आणि गवत उगवले होते. मी तिथे प्रथम गेलो तो मृगाच्या किड्यासाठी. नवतपा संपून पहिला चांगला पाऊस झाला, की हे मखमली लाल जीव दोन-तीन दिवस जमिनीवर फिरताना दिसतात. आपण त्यांना किडा म्हणतो खरे, पण पाय मोजले तर ते आठ भरतात, म्हणजे हे भावंड कोळ्याच्या कुळातले. त्यांची छायाचित्रे काढण्यासाठी पालथा पडलो असताना समोर वीतभर अंतरावर एक नारिंगी फुलपाखरू जमिनीलगतच्या पानावर येऊन बसले. मी चार वेळा बटण दाबले, त्यांपैकी एक चित्र स्वच्छ आले. नारिंगी पंख, काळी किनार, पुढच्या पंखांच्या काळ्या टोकांवर पांढरे पट्टे. हे ‘प्लेन टायगर’ हे मला ठाऊक होते, किंवा ठाऊक आहे असे वाटत होते. घरच्या ग्रुपवर मी ते ‘आज वाघ दिसला’ अशा ओळीसह टाकले आणि त्यावर अपेक्षेप्रमाणे हसण्याच्या खुणा आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तसेच नारिंगी फुलपाखरू रुईभोवती घिरट्या घालताना दिसले. ते फुलांकडे जात नव्हते. पानाच्या कडेला पायांनी धरून पोटाचे टोक खाली वाकवायचे, एखादा क्षण टेकवायचे आणि पुढच्या पानाकडे जायचे, असा त्याचा क्रम चालला होता. ते गेल्यावर मी पान उलटून पाहिले. पानाच्या पांढुरक्या लवेवर एक रुपेरी, किंचित टोकदार कण चिकटलेला होता. त्या क्षणी ठरवले, की या अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सगळे याच जागी, एकही पान न तोडता टिपायचे.

ही अट मी मुद्दाम घातली. अंडे असलेले पान घरी आणून डब्यात ठेवणे, रोज ताजे पान घालणे आणि कोषातून बाहेर पडणारे फुलपाखरू खिडकीतल्या प्रकाशात टिपणे ही पद्धत सर्वत्र चालते आणि अभ्यासासाठी तिच्यात काही वावगे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु डब्यात फक्त अळी असते. रुईवर अळीच्या शेजारी कोण राहते, तिला कोण खाते, पाऊस आला की ती कुठे जाते, यांपैकी काहीही डब्यात दिसत नाही.

अंड्यापासूनच अडचणींना सुरुवात झाली. अंड्याची उंची मिलिमीटरहून थोडी अधिक. माझ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरची रुंदी सुमारे २४ मिलिमीटर आहे, म्हणजे १०० मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सने एकास एक प्रमाण (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी) साधले तरी अंडे चित्राच्या रुंदीच्या वीस-पंचविसाव्या भागाएवढेच दिसणार. मग लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये एक्स्टेन्शन ट्यूब चढवल्या. प्रमाण वाढले, पण प्रकाश घटला, आणि फोकसमध्ये येणारा भाग कागदाच्या जाडीइतका उरला. या कामात नवे असलेल्यांना एक गोष्ट लवकर कळत नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. एकास एक प्रमाणात लेन्सचे छिद्र एफ ११ इतके लहान ठेवले तरी जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा भागच रेखीव येतो. अधिक खोली हवी म्हणून त्याहून बारीक, एफ २२ वर गेले, तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडते. मी पहिला आठवडा एफ २२ वर घालवला आणि घरी येऊन लेन्सला दोष देत राहिलो. अखेर एफ ८ ते ११ यांच्या दरम्यान स्थिरावलो, ऑटोफोकस बंद केला, रिंग एकदा ठरवून तिला हात लावणे सोडले, आणि फोकस साधण्याचे काम स्वतःच्या शरीरावर सोपवले. कोपर जमिनीवर रोवायचे, श्वास अर्धा सोडून थांबायचे आणि गहू दळणाऱ्या बाईसारखे किंचित पुढेमागे झुलत दहा-बारा चित्रे घ्यायची. त्यांतील एखादे लागते. पुष्कळदा एकही लागत नाही.

पान हलू नये यासाठी मी एक सोपा उपाय केला. कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा एका बांबूच्या काडीला बांधून काडी जमिनीत खोचली आणि चिमट्याने पानाच्या देठाजवळची फांदी अलगद धरली. फ्लॅशचा प्रकाश मऊ व्हावा म्हणून चिवड्याच्या डब्याचे पांढरे झाकण कापून, त्यावर बटर पेपर चिकटवून एक पडदा तयार केला. या दोन वस्तूंवर मिळून खर्च वीस रुपयांच्या आत झाला आणि आजवर घेतलेल्या कोणत्याही महागड्या साहित्यापेक्षा त्या मला अधिक उपयोगी पडल्या. बसण्यासाठी ताडपत्रीचा एक तुकडा आणला, कारण पावसात काळ्या मातीवर गुडघा टेकला की तो उचलताना मातीही बरोबर येते. ताडपत्री अंथरायला झुडपांपुढची घोळीची मऊ जागा सोयीची होती.

पहिला शनिवार उजाडला तेव्हा माझ्याजवळ चार अंड्यांची नोंद होती. प्रत्येक पानाखालच्या फांदीला मी पांढऱ्या दोऱ्याची सैल गाठ बांधली होती. सकाळी साडेसहाला पोहोचलो, तर एक मावशी टोपलीत रुईची पाने खुडून भरत होत्या आणि माझे दोन दोरे मोकळ्या फांद्यांवर लोंबत होते. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात, त्या माळा देवळाबाहेर कोणीतरी विकते, आणि विकणारीला पाने कुठून तरी आणावीच लागतात, या सरळ गोष्टीचा विचार माझ्या सगळ्या नियोजनात कुठेच नव्हता.

“काऊन जी, सापबिप हाय का येथी?” मला पालथे पडलेले पाहून त्यांनीच आधी विचारले. मी अंड्यांचे सांगितले. त्यांना ते पटले नाही. “किडं असलेलं पान मी घेतच नाई भाऊ. देवाले किडकं पान कोनी घालते का?” हे त्यांचे म्हणणे खरेच होते. अळी असलेले पान त्या बाजूला ठेवत होत्या, पण अंडे त्यांना दिसत नव्हते, तसे ते कोणालाही दिसले नसते. मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर चित्र मोठे करून दाखवले. त्यांनी टोपली खाली ठेवली, डोळे बारीक केले आणि बराच वेळ पाहिले. “हे तं साबुदान्यावानी दिसते,” त्या म्हणाल्या. मग टोपलीतली पाने एकेक उलटून पाहू लागल्या. त्यांतली दोन परत निघाली. खुडलेल्या पानावरचे अंडे आता जगणार नाही, अळी बाहेर आली तरी पान सुकलेले असेल, हे मी सांगितल्यावर त्यांनी ती दोन्ही पाने रुईच्या बेचक्यात नीट खोचून ठेवली. जाताना मात्र माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुमी घोळीवर बसून रायले जी. भाजी होय ते. उठा तिथून.” मी ताडपत्री हातभर सरकवली, आणि त्या गेल्यावर पुन्हा पूर्वीच्या जागी आणली, कारण कोन तिथूनच बरोबर मिळत होता.

त्यानंतरचा करार असा झाला, की मागच्या बाजूचे तिसरे झुडूप माझे आणि पुढची दोन त्यांची. हा करार आमच्यापैकी कोणीही मोडला नाही. पुढे एकदा त्यांनीच मला पुढच्या झुडपावरचे एक अंडे बोटाने दाखवले, आणि माझ्या नजरेतून ते सुटलेले होते.

अंडी तीन-चार दिवसांत फुटली. अळी बाहेर येऊन आधी स्वतःचे टरफल खाते आणि मग पानाकडे वळते. रुईचे पान म्हणजे चिकाची पखाल. कुठेही चावा घेतला की पांढरा चीक भळभळतो, आणि दोन-तीन मिलिमीटरची अळी त्यात बुडून मरू शकते. म्हणून ती एकदम खायला लागत नाही. पानाच्या खालच्या बाजूला ती आधी एक लहानसे वर्तुळ कुरतडते, तिथला चीक वाहून जाऊ देते आणि मग त्या कोरड्या पडलेल्या वर्तुळाच्या आतले खाते. मी हे दोन सकाळी सलग पाहिले. वर्तुळाच्या कडेला चिकाचे मोत्यासारखे थेंब, आत करड्या रंगाची, काळ्या डोक्याची अळी, आणि मागे पावसाळी ढगातून झिरपणारा प्रकाश, हे चित्र मला त्या संपूर्ण मोसमातील सर्वांत आवडते आहे, जरी ते पाहणाऱ्या बहुतेकांना त्यात काय आहे हे विचारावे लागते.

याच चिकाने मला आठवडाभर घरी बसवले. फांदी चिमट्यात धरताना पान थोडे फाटले, बोटाला चीक लागला, आणि घाम पुसताना तेच बोट उजव्या डोळ्यात गेले. पाण्याने धुतले. दुखत फारसे नव्हते, म्हणून काम चालू ठेवले, आणि संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे धुक्यातून पाहिल्यासारखे दिसू लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो रुईचा, कारण पूजेसाठी पाने खुडणारे लोक याच तक्रारीसह त्यांच्याकडे येतात. चीक डोळ्याच्या पारदर्शक पटलाला सुजवतो आणि त्याची संवेदनाही कमी करतो, त्यामुळे न दुखणे हेच फसवे लक्षण असते, असे त्यांनी समजावले. औषधाने डोळा बरा झाला. तेव्हापासून पिशवीत साबण आणि पाण्याची जास्तीची बाटली असते, आणि मी डाव्या डोळ्याने पाहायला शिकलो, हाही एक लाभच.

परत गेलो तेव्हा अळ्या बोटाच्या दोन पेरांएवढ्या झालेल्या होत्या. काळे-पांढरे आडवे पट्टे, त्यांवर पिवळे ठिपके आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. रुईतले विष अळी स्वतःच्या शरीरात साठवते आणि ते पुढे फुलपाखरातही उतरते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला सहसा जात नाहीत, आणि म्हणूनच तिला लपण्याची गरज वाटत नाही. छायाचित्रकाराला मात्र हा भडकपणा जड जातो. पांढरे पट्टे जळू नयेत म्हणून प्रकाश कमी करावा, तर काळे पट्टे आणि काळे डोके एकमेकांत विरघळून डोळ्यांचा पत्ता लागत नाही. भर दुपारच्या उन्हात हे साधतच नाही. ढगाळ सकाळ, फ्लॅशचा अगदी हलका आधार, शटर एकशेसाठांश सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) ८०० या मेळात ते साधले. आयएसओ वाढवायला मी पूर्वी घाबरत असे आणि त्यापायी फ्लॅशवर भार टाकत असे. मग चित्रात पार्श्वभूमी काळीकुट्ट येई आणि सकाळी आठला काढलेले चित्र मध्यरात्रीचे वाटे. थोडा कणीदारपणा पत्करला, पण पावसाळ्याचा हिरवा उजेड चित्रात राहिला.

अळ्या खात असताना हातात वेळच वेळ होता, आणि त्या वेळात रुईवरचे बाकीचे भाडेकरू ओळखीचे झाले. कोवळ्या शेंड्यांवर पिवळ्या माव्याची दाटी होती, त्यावर ढालकिडे चरत होते. पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा तो नटवा टोळ, जो रुईवरच वाढतो, त्याच्या पिल्लाला मी जवळून पाहू गेलो, तर त्याने लेन्सच्या काचेवर पिचकारी मारली. पण सर्वांत अधिक वेळ मी दिला तो काळ्या भुंग्यांना. रुईचे फूल मेणाने घडवल्यासारखे दिसते, मध्ये पाच कोनांचा मुकुट, आणि परागकण सुटे नसून इवल्या पिशव्यांत बांधलेले असतात. भुंगा मधासाठी फुलाला लोंबकळतो तेव्हा त्याचा पाय मुकुटाच्या फटीत अडकतो, तो ओढून काढताना पिशव्यांची जोडी पायाला चिकटून येते आणि पुढच्या फुलाच्या फटीत जाऊन बसते. भुंगा एका फुलावर दोन-तीन सेकंदच थांबतो. त्याच्यामागे कॅमेरा फिरवण्यात दोन दिवस गेले आणि हाती फक्त काळे धूसर गोळे लागले. तिसऱ्या दिवशी मी एकाच झुबक्यावर फोकस लावून बसलो आणि तो येण्याची वाट पाहिली. तासाभरात तो पाच वेळा आला. पाचव्या वेळच्या चित्रात त्याच्या मागच्या पायाला लोंबणारी पिवळसर पिशव्यांची जोडी स्पष्ट दिसते. वाघाच्या बाबतीत पाणवठ्यावर बसायचे असते हे मला माहीत होते. भुंग्याच्या बाबतीत तेच लागू पडेल हे सुचायला दोन दिवस लागले.

कोषांची हकीकत मात्र निराशेने सुरू होते. पूर्ण वाढलेली अळी खाणे थांबवते आणि झुडूप सोडून चालू लागते. माझी पहिली अळी अशी चालती झाली आणि मला सापडली नाही. दुसरी घाणेरीच्या फांदीखाली उलटी लटकली, इंग्रजी जे अक्षरासारखी वळली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जागी हिरवा कोष होता, त्याच्या कमरेला काळ्या-सोनेरी मण्यांची एक ओळ. मी आठवडाभर रोज सकाळी तो पाहिला. त्यावर तपकिरी डाग दिसू लागला तेव्हा मला वाटले, फुलपाखरू तयार होत आहे. दोन दिवसांनी कोषातून एक चिकट धागा खाली लोंबत होता आणि त्या धाग्यावरून पांढऱ्या अळ्या जमिनीकडे उतरत होत्या. एका जातीची माशी जिवंत अळीवर किंवा तिच्या खाद्यावर अंडी घालते आणि तिची पिल्ले आतून पोसतात, हे वाचलेले होते. मी त्याची छायाचित्रे काढली, नीट काढली, आणि तरीही त्या दिवशी घरी कोणाशी फारसे बोललो नाही.

तिसरा कोष कुंपणाच्या तारेवर, गुडघ्याच्या उंचीवर होता. तो आदल्या संध्याकाळी काळपट पडला आणि कवचातून नारिंगी रंग दिसू लागला, म्हणजे सकाळ नक्की. पावणेसहापासून बसलो. आठला पावसाची सर आली, कॅमेरा पिशवीत घातला, कोपऱ्यावरच्या टपरीत आडोशाला गेलो आणि तिथे असल्यावर तर्री-पोहे घेतले नाहीत तर नागपूरकर कसला. परत यायला चाळीस मिनिटे लागली. तारेवर रिकामे कवच होते आणि त्याच्याखाली पंख पूर्ण पसरलेले फुलपाखरू. ते पोहे मला चांगलेच महाग पडले.

चौथा कोष सप्टेंबरच्या मध्यावर, पुन्हा घाणेरीत. या वेळी खाण्याचा डबा घरून नेला होता. शनिवार असल्याने मावशी समोरच्या झुडपावर होत्या. सात वाजून गेल्यावर कवचाला डोक्याच्या बाजूने चीर पडली, पाय बाहेर आले, त्यांनी रिकामे होत चाललेले कवचच धरले, आणि मिनिटभरात सगळे शरीर बाहेर घसरले. पोट फुगलेले, पंख पिळून टाकलेल्या धुण्यासारखे चुरगळलेले. मी फ्लॅश काढून ठेवला होता आणि आयएसओ १६०० वर गेलो होतो. सगळ्यांची नजर पंखांकडे जाते, माझीही गेली असती, पण पंख भरायला पाव तास लागणार हे माहीत असल्याने मी तोंडाजवळ फोकस लावला. सोंड अजून एक नव्हती. ते दोन वेगवेगळे केसासारखे धागे होते. फुलपाखरू त्यांची गुंडाळी करत होते, उलगडत होते, पुन्हा गुंडाळत होते, आणि प्रत्येक खेपेस दोन्ही धागे मुळापासून थोडे थोडे एकमेकांत बसत जात होते, जशी जॅकेटची चेन बसत जाते. वीसेक मिनिटांत त्याची एक सलग नळी झाली. पोटातून तांबूस थेंब गळून ताडपत्रीवर पडले. मावशी टोपली कमरेवर घेऊन केव्हा जवळ आल्या होत्या मला कळले नाही. “ओलं हाय लेकरू,” त्या हळूच म्हणाल्या, “आता सुकू द्या त्याले, लय झालं.” मी कॅमेरा खाली ठेवला.

पंख सुकत असताना मी मागच्या पंखावरचे काळे ठिपके मोजले. मधोमध तीन, आणि त्यांच्या जवळ पांढऱ्या मध्याचा चौथा, म्हणजे नर. मादीला हा चौथा ठिपका नसतो. साडेनऊच्या सुमाराला ते उडाले, कुंपण ओलांडून शेजारच्या बंगल्याच्या गच्चीवरून गेले.

दिवाळीच्या सुट्टीत मी सगळी छायाचित्रे लावायला घेतली. मालिकेच्या सुरुवातीला अर्थातच जूनमधले ते पहिले चित्र ठेवायचे होते, ज्याच्यामुळे हा सगळा उद्योग सुरू झाला. ते मोठे करून पाहिले आणि सवयीने मागच्या पंखावरचे ठिपके मोजू लागलो. मधोमध एकही ठिपका नव्हता. वरच्या कडेजवळ एकच काळा डाग होता आणि मागच्या पंखाची किनार किंचित दातेरी होती. दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहिल्यावर शंका उरली नाही. ते प्लेन टायगर नव्हतेच. ती ‘डॅनेड एगफ्लाय’ची मादी होती. स्वतःच्या अंगात विष नसताना प्लेन टायगरचे रूप घेऊन ती पक्ष्यांना फसवते, आणि तिने मलाही साडेचार महिने फसवले होते. २०२२ च्या दुरुस्तीपूर्वीच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ही जात पहिल्या अनुसूचीत होती, म्हणजे वाघाच्याच रांगेत, हे वाचून ग्रुपवर टाकलेली माझी ओळ आठवली. तिचा नर अगदी वेगळा दिसतो, काळा, पंखांवर जांभळट झाक असलेले मोठे पांढरे ठिपके; तोही माझ्याकडे होता, त्याच प्लॉटमध्ये ऑगस्टमध्ये टिपलेला, ‘इतर’ या फोल्डरमध्ये.

मग ती मादी त्या दिवशी जमिनीलगत काय करत होती, हे शोधले. ती अंडी घोळीवर घालते. पहिल्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, फोकसच्या बाहेर, लालसर देठाची जाड, गोलसर पाने दिसत होती. ती ज्या पानावर बसली होती तेही तसेच होते. माझी ताडपत्री जुलैपासून सप्टेंबरपर्यंत त्याच जागेवर होती, आणि तिथून उठायला मला मावशींनी पहिल्याच शनिवारी सांगितले होते.